बाळंतपणाची तयारी: पाळीच्या तारखेपासून सव्वा महिन्यापर्यंत, कामं क्रमानं

खेड्यात बाळंतपणाची तयारी म्हटली की दुपटी शिवली जातात, डिंक-खारीक येते, पाळण्याची दोरी बदलली जाते. बाईचं रक्त किती आहे, गाडी कोणाची घ्यायची, सिझर लागलं तर कुठं न्यायचं, हे प्रश्न मात्र कळा सुरू झाल्यावर मध्यरात्री निघतात. उपकेंद्रावर काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. घरात सामान असतं, माया असते, पण कामांचा क्रम उलटा असतो. बाळाची तयारी आधी होते आणि बाईची राहून जाते.

म्हणून इथं कामं क्रमानं लिहिली आहेत. सासूनं, आईनं आणि नवऱ्यानंही हे वाचावं, कारण यातले निम्मे निर्णय गरोदर बाईच्या हातात नसतात. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

## १. सगळ्यात आधी तारीख पक्की करा

आमच्या विदर्भात पाळी सणावरून सांगतात. "पोया झाला ना बाई, त्याच्या दुसऱ्या दिवशी." एवढं पुरतं. कॅलेंडर काढा आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. समजा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, ३ सप्टेंबरला होता आणि पाळी त्याच दिवशी आली, तर बाळंतपणाची तारीख १० जून. दोन आठवडे मागंपुढं होऊ शकतं.

आता ही तारीख नीट वाचा. १० जून म्हणजे शेवटचे दोन महिने एप्रिल-मेच्या उन्हात जाणार. कळा येतील तेव्हा पेरणीची धावपळ असेल, गाड्या शेतात असतील आणि पहिल्या पावसात नाला भरू शकेल. तारीख ऑक्टोबरची असेल तर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी समोर असते. भंडारा-गोंदियाकडं जुलै-ऑगस्टची असेल तर धानाची रोवणी. पुढची सगळी आखणी या एका तारखेवर उभी राहते, म्हणून ती अंदाजानं "जेठात कधीतरी" अशी सोडू नका.

तारीख निघाली की १२ आठवड्यांच्या आत आशाताईकडं नोंद करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. पुढं कमीत कमी चार तपासण्या होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत एकदा तरी ती गाठाच. पहिलं मूल असेल तर मातृवंदना योजनेचा अर्जही याच वेळी भरा. ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा खातं चालू आहे का ते आताच पाहा.

तपासा: कार्डावर रक्तगट, एचबी (हिमोग्लोबिन), वजन, बीपी आणि तारीख हे रकाने भरलेले आहेत का? एखादा रकाना कोरा असेल तर सिस्टरला तिथंच विचारा.

## २. रक्ताचे रिपोर्ट: विदर्भात सिकल विसरू नका

एचबी, लघवी, साखर, एचआयव्ही, रक्तगट या तपासण्या बहुतेक ठिकाणी होतात. साखरेसाठी ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दुसरी वेळ लोक चुकवतात.

आपल्या भागात सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून बाळात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी वेगळी मागून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडं हा आजार आहे, आदिवासी समाजात आहे आणि इतर समाजांतही आहे. बाई वाहक म्हणजे एएस निघाली तर नवऱ्याचीही तपासणी करा, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाई रुग्ण म्हणजे एसएस असेल तर बाळंतपण गावाजवळच्या केंद्रात ठरवू नका. तिला मोठं रुग्णालय लागतं. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच सुरू करायच्या. पाणी भरपूर प्यायचं, उन्हात राबायचं नाही, ताप किंवा छातीत दुखणं सुरू झालं की त्याच दिवशी दवाखाना.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर लाल पेनानं गोल करून ठेवा. नवरा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन लागतं आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. पहिल्या वेळी हे राहिलं तर त्रास पुढच्या बाळाला होतो.

एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर घरी बसून गोळ्यांनी भागत नाही, भरती व्हावं लागतं. "सगळ्याच बायांचं कमी असते" असं म्हणून आठ एचबीवर कोणी नववा महिना गाठू नये. बाळंतपणात रक्त जातंच. भरलेल्या अंगाची बाई ते सोसते, आठ एचबीवाल्या बाईच्या तेवढ्याच रक्तस्रावानं जिवावर बेततं.

## ३. गोळ्या: घेतल्या जातात, पण चुकीच्या वेळी

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. कॅल्शियमची रोज दोन. जंताची गोळी एकदाच, पहिले तीन महिने संपल्यावर. धनुर्वाताची इंजेक्शनं ठरल्याप्रमाणं.

एका घरी मी सुनेच्या कोनाड्यात लाल गोळ्यांची पाकिटं पाहिली. रबर लावून नीट ठेवलेली, एकही न फोडलेलं. "गोयी खाल्ली का मयमयते बाई, मंग कामच होत नाही." तिचं खरंच होतं. सकाळी उपाशीपोटी गोळी, वरून चहा आणि लगेच शेतात. मळमळ होणारच, आणि चहामुळं लोह अंगीही लागत नाही.

वेळा अशा लावा:

- सकाळच्या न्याहारीनंतर कॅल्शियम.
- दुपारच्या जेवणानंतर दुसरं कॅल्शियम.
- रात्री लवकर जेवण, आणि दोन तासांनी झोपताना लोहाची गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. मळमळ झोपेत निघून जाते.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांचं काम बिघडवतात. मध्ये दोन तास हवेतच. लोहाच्या गोळीसोबत दूध आणि चहा दोन्ही नको. संडास काळी होते, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवा. गोळी बंद करू नका. त्रास फारच होत असेल तर सिस्टरला सांगा, गोळी बदलता येते, शिरेतून लोहाचं इंजेक्शनही देता येतं.

सावध: गुळाचा खडा आणि बीटचा रस रोज घेतला म्हणून गोळी सुटत नाही. खायचं असेल तर खा, गोळी मात्र सुरूच ठेवा.

## ४. ताट: काय खायचं यापेक्षा आधी कोण शेवटी जेवतं ते पाहा

सून सगळ्यांना वाढून उरलेलं खाते. वरण संपलेलं असतं, भाजीचा रस्सा उरतो, आणि ती ठेचा-भाकर खाऊन उठते. त्या घरात डाळ नाही असं नसतं. म्हणून पहिला बदल एवढाच: गरोदर बाईचं ताट आधी वाढून बाजूला ठेवा. सासूनं ठरवलं तर हे आजच्या आज होतं.

चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक मध्यम भाकर आणि एक वाटी घट्ट वरण. हे दोन जेवणांत मावत नसेल, आणि आठव्या महिन्यात पोट दाबलं गेल्यानं मावतच नाही, तर थोडं थोडं पाच वेळा खा.

घरात जे आहे त्यातूनच जमतं. ज्वारीची भाकर, तुरीचं किंवा मुगाचं घट्ट वरण, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात चण्याची भाजी. जवसाची किंवा तिळाची चटणी. मूठभर फल्लीदाणे आणि फुटाणे शेतात नेता येतात. घरच्या कोंबडीचं अंडं बाजारात विकण्याआधी एक हिच्या ताटात पडू द्या. भंडारा-गोंदियात बोडीतले मासे मिळतात, ते उत्तमच. संत्र्याच्या भागात आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात असतो. जेवणानंतर चहाऐवजी एक संत्रं खाल्लं तर डाळ-भाजीतलं लोह जास्त अंगी लागतं. उन्हाळ्यात तेच काम लिंबू करतं, आणि आवळा मिळेल तेव्हा आवळा. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ स्वस्त म्हणून रोज शिजते. गरोदरपणात तरी रोजच्या वरणाला तूर, मूग, मसूर वापरा.

अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा कोरडा आहार, हा गरोदर बाईच्या वाट्याचा आहे. त्याचा शिरा करून सगळ्या लेकरांना वाटला की तिच्या वाट्याला दोन चमचे येतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते अंगणवाडीतच बसून जेवा, डबा घरी आणू नका.

आता एक भीती. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होते न् अडते." या एका वाक्यानं किती बाया शेवटचे दोन महिने अर्धपोटी राहतात! बाळ अडण्याची कारणं वेगळी असतात: कमरेच्या हाडाची जागा, बाळाची स्थिती, कळांचा जोर. आई अर्धपोटी राहिली तर बाळ कमी वजनाचं होतं आणि बाईला कळा द्यायला ताकद उरत नाही. साखरेच्या आजारात बाळ वाजवीपेक्षा मोठं होऊ शकतं, पण ते वर सांगितलेल्या तपासणीत कळतं आणि त्याचा आहार डॉक्टर वेगळा सांगतात.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. दुपारी ११ ते ४ शेतात नको. पाणी तहान लागण्याआधी प्या, ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-पाणी घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलं असं समजा. फवारणी झालेल्या वावरात गरोदर बाईनं जाऊ नये आणि फवारणीचे कपडेही तिनं धुऊ नयेत. खर्रा, तंबाखू, दातांना मिश्री पूर्ण बंद.

तपासा: चौथ्या महिन्यापासून वजन महिन्याला दीड-दोन किलोनं वाढतंय का? एकूण १० ते १२ किलो वाढ चांगली. वजन एकाच ठिकाणी थांबलं तर ताट पाहा. आठवड्याभरात एकदम वाढलं आणि तोंड-हात सुजले तर त्याच दिवशी बीपी मोजा.

## ५. कुठं होणार हे सातव्या महिन्यात ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत चांगली आहे, पोरीला आराम मिळतो. घोळ कागदांचा होतो. कार्ड सासरी पेटीत, पोरगी माहेरी, आणि माहेरच्या आशाताईला ती आली हेच माहीत नाही. माहेरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आशाताईकडं जाऊन कार्ड दाखवा. प्रवास शक्यतो आठव्या महिन्याच्या आत करा. नवव्या महिन्यात गाडीवर मागं बसून खड्ड्यांतून दोन तालुके ओलांडू नका.

मग दवाखाना. तब्येत सरळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरतं. खालीलपैकी काही असेल तर जिथं सिझर होतं आणि रक्तपेढी आहे तिथंच ठरवा: आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, बीपी १४०/९० किंवा जास्त, एचबी ७ च्या खाली, सिकलचा एसएस रिपोर्ट, आधीच्या वेळी जास्त रक्त गेलेलं, खूप कमी उंची. नागपूरला मेडिकल, मेयो आणि डागा, अमरावतीला डफरीन, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, आणि इतर जिल्ह्यांत जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय. तुम्हाला कोणतं जवळ आहे आणि रात्री तिथं पोहोचायला किती वेळ लागतो ते नवऱ्यानं एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावं. प्रसूती विभागाचं दार रात्री कोणत्या बाजूनं उघडतं हेसुद्धा विचारून यावं.

भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद होतो. धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांचंही असंच. तिथं कळांची वाट पाहत घरी थांबू नका. तारखेच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या सरकारी सोयीत, जाऊन राहा. सोबतच्या माणसाचीही तिथं सोय असते. माहेरघर जवळ नसेल तर तालुक्याच्या गावी असलेल्या नातेवाइकांना आधीच विचारून ठेवा.

## ६. गाडी, माणसं, रक्त, पैसे

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: १०२, १०८, आशाताई, सिस्टर, आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर. एक नको, दोन, कारण एकाची गाडी लग्नाला गेलेली असते. गाडीवाल्याला तारीख आधी सांगा. नेटवर्क कोणत्या टेकाडावर मिळतं ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

सोबत कोण जाणार हे नावासकट ठरवा. एक बाई, जी स्वतः बाळंतीण झालेली आहे आणि घाबरत नाही. एक पुरुष, जो धावपळ करेल आणि सहीला हजर राहील. घरी राहिलेल्या लेकरांकडं आणि ढोरांकडं कोण पाहणार तेही ठरवा. घरी गाय दुभती आहे म्हणून बाया दुसऱ्या दिवशीच सुट्टी मागतात, हे मी पाहते.

रक्त द्यायला तयार असलेले दोन-तीन जण आधी बोलून ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर विचारा. तरीही तीन-चार हजार रुपये रोख बाजूला ठेवा, सोबतच्यांचं खाणं आणि रात्रीची खासगी गाडी यासाठी लागतात.

## ७. पिशवी, आठवा महिना लागताच

यावर फार लिहायची गरज नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, हे एका प्लास्टिकच्या पिशवीत. जुन्या सुती लुगड्याचे धुऊन कडक उन्हात वाळवलेले तुकडे, पॅड, पुढून उघडणारे दोन गाऊन. बाळाला टोपी, मोजे, पाच-सहा दुपटी. पाण्याची बाटली, ताट-वाटी, चादर, चार्जर, टॉर्च, मुरमुरे-फुटाणे. पिशवी दारामागच्या खुंटीला टांगा. पेटीत कुलूप लावून ठेवली की चावी सापडत नाही.

## ८. कळा: कधी निघायचं

खऱ्या कळा ठराविक अंतरानं येतात, जवळ जवळ येत जातात, चाललं किंवा पडलं तरी थांबत नाहीत, आणि कमरेतून पोटाकडं येतात. खोट्या कळा आराम केला की विरतात. मोबाइलमध्ये वेळ पाहून एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं जातात ते लिहा. दवाखाना लांब असेल तर दर दहा मिनिटांनी नियमित कळा येऊ लागल्या की निघा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळची बाई असेल तर आणखी लवकर, कारण ते लवकर होतं.

कळा नसतानाही लगेच निघायचं ते अशा वेळी: पाणी गेलं, अंगावरून लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, झटका आला, ताप आला. पाणी हिरवट असेल तर गाडीवाल्याला घाई करायला सांगा.

वाटेत थोडं पाणी, सरबत, पेज चालते. सिझर होईल असं आधीच सांगितलेलं असेल तर दवाखान्याला विचारल्याशिवाय काही देऊ नका.

सावध: गावात कोणाकडूनही "कळा वाढवायचं इंजेक्शन" घेऊ नका. या इंजेक्शनानं गर्भाची पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं, आणि ते सांभाळायला तिथं काहीच साधन नसतं. पोट दाबून बाळ खाली ढकलणंही तितकंच घातक आहे.

## ९. दवाखान्यातले पहिले दोन दिवस

साधं बाळंतपण झालं तरी ४८ तास थांबा. जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी गेल्या, बाई पांढरी पडली, चक्कर आली, तर सिस्टरला ओरडून बोलवा. "आता झोपली आहे, झोपू द्या" असं करू नका. दर थोड्या वेळानं तिला हाक मारा, पॅड पाहा. हे सोबतच्या बाईचं पहिलं काम.

बाळ पहिल्या तासात छातीला लागलं पाहिजे. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकू नका. मध, गुळाचं पाणी, घुटी, साखरपाणी काहीही नको. बाळंतिणीला सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. बाळाला बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब ची लस मिळाली का ते कार्डावर पाहून मगच सुट्टी घ्या.

## १०. घरी आल्यावर सव्वा महिना

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि त्या मायेपोटी होतात.

पाणी. "तिले पानी जास्त देऊ नोको, पोट सुटते." बाळंतिणीला दिवसभरात दोन पेले मोजून देणारी घरं आहेत. पाण्यानं पोट सुटत नाही. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ होतं, टाक्यांवर जोर येतो, लघवीची जळजळ सुरू होते. मे महिन्यात तर बाळंतिणीला ताप चढतो आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं. दर वेळी पाजायला बसताना एक पेला पाणी बाजूला ठेवा आणि पिऊ द्या. उकळून गार केलेलं चालेल, कोमट चालेल, मोजून मात्र नको.

शेगडी. बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव आणि दार-खिडकी बंद, हे करू नका. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो, त्याला वास नसतो, झोपेतच जीव जातो. धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. हिवाळ्यात शेक द्यायचाच असेल तर विस्तव बाहेर पेटवा, कापड गरम करून कमरेला शेका, खिडकी उघडी ठेवा. उन्हाळ्यात शेक नकोच. टाक्यांना धुरी देऊ नका. साध्या स्वच्छ पाण्यानं पुढून मागं धुवा, कोरडं करा, पॅड किंवा घडी चार-सहा तासांनी बदला. सिझरच्या जखमेवर तेल, हळद काही नको. मालिश करायची असेल तर हातापायांची आणि पाठीची.

जेवण. पाजणाऱ्या आईला गरोदरपणापेक्षाही जास्त लागतं, पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या. आणि नेमकी हीच वेळ पथ्याची! नुसतं वरण-भात, भाजी बंद, फळ बंद, आंबट बंद. मग रक्त भरून येणार कुठून? पहिल्या दिवसापासून वरण, भाकर, मऊ शिजवलेली पालेभाजी, दूध, अंडं, हिरवे मूग चालतात. डिंकाचे, मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर द्या, पण दिवसाला एक-दोन लाडू आणि जेवणाच्या जोडीला. लाडवांनीच पोट भरलं तर भाजी-वरण जात नाही, संडासचा त्रास वाढतो. साखरेचा आजार असलेल्या बाईला लाडू विचारूनच. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतरही सहा महिने.

मुलगी झाली म्हणून डिंक-तूप कमी करणारी घरं मी पाहिली आहेत. बाईचं अंग तेवढंच झिजलेलं असतं आणि रक्तही तेवढंच गेलेलं असतं. ताट तेवढंच भरलेलं हवं.

उठणं-बसणं. सव्वा महिना बाजेवर पडून राहणं हा आराम नाही. दवाखान्यातून चालायला सुरुवात होते, घरीही अंगणापर्यंत रोज चालू द्या. पडून राहिल्यानं पायात रक्ताची गाठ होऊ शकते. एकच पोटरी दुखली, सुजली, गरम लागली तर दवाखाना गाठा, मालिश करू नका. घागर उचलणं, वाकून सारवणं, ढोरांचं काम मात्र सव्वा महिना बंद. बाळ झोपलं की आईनं झोपायचं, आणि ही झोप घरच्यांनी राखायची.

आशाताई दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. विटाळ म्हणून तिला ओसरीवरूनच परत पाठवू नका. तिला बाळाचं वजन करायचं असतं आणि बाळंतिणीला पाहायचं असतं.

बाळासाठी लक्षात ठेवायचं थोडकंच: नाळेला काही लावायचं नाही, डोळ्यांत काजळ नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नाही, उन्हाळ्यातही नाही. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहा वेळा तरी लघवी झाली म्हणजे दूध पुरतं.

लगेच दवाखाना: बाळंतिणीला १००.४ च्या वर ताप, अंगावरून वास येणारं जाणं, पुन्हा लाल रक्त वाढणं, टाक्यांतून पू, छातीत गाठ आणि ताप, डोकं दुखून दिसेनासं होणं, झटका, धाप. बाळ पाजायला उठत नाही, अंग थंड किंवा तापलेलं, श्वास जोरात, हात-पाय पिवळे.

रडू येणं, चिडचिड पहिल्या आठवड्यात होते आणि बहुधा जाते. दोन आठवड्यांच्या पुढं टिकली, बाई बाळाकडं पाहतच नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. आशाताईला सांगा, टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. हा आजार आहे, त्याला उपचार आहे.

## ११. ४२ वा दिवस

सव्वा महिन्याची ओटी भरली की तपासणी राहते, कारण सगळ्यांना वाटतं झालं आता. ४२ व्या दिवसाच्या सुमारास आईचं बीपी, एचबी, टाके आणि बाळाचं वजन पाहायचं असतं. बाळाची सहा आठवड्यांची लस त्याच सुमारास असते, एका फेरीत दोन्ही उरका.

पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, तेव्हा पाळणा लांबवायचं याच भेटीत बोला. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, तेव्हा राहिली असेल तर आता बसते. पाजणाऱ्या बाईला अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालतं, छाया गोळीही चालते. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर पडलं तर अंगातलं रक्त भरून निघतं.

शेतात परत जायचं ते या तपासणीनंतर, आणि आधी हलक्या कामाला. सिझर झालेल्या बाईनं ओझं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वावर जवळ असेल तर आजीनं बाळाला दर दोन-अडीच तासांनी बांधावर सावलीत आणून पाजून न्यावं. लांब असेल तर सहा महिने होईपर्यंत अर्ध्या दिवसाचीच मजुरी धरावी, आणि निघताना व आल्यावर बाळाला पोटभर पाजावं.